कालवणापुरती कोळंबी

मला कृष्णाबाईचा हेवा वाटतो. पूर्वी वाटायचा असं नाही, आजही वाटतो. पनवेलजवळच्या आमच्या कंपनीत कोळंबी सोलून गोठवतात, आणि सोलणाऱ्या बायकांत ही करंज्याची कोळीण सगळ्यांच्या पुढे. माझी एक टोपली होईपर्यंत हिची दुसरी अर्धी झालेली. शिवाय तोंडाचा पट्टा चालूच. तिच्या बोलण्यावर सगळ्या हसतात, तेच मी बोलले तर कोणी मान वर करत नाही. टेबलाच्या टोकाची, थंड वारा न लागणारी जागाही तिचीच. माझी जागा थेट गार पंख्याखाली.

तिची एक सवय होती. सुट्टी झाली की फेकायच्या तुटक्या कोळंबीतली मूठभर पिशवीत घ्यायची. करंज्याच्या बंदरावर दुसऱ्याच्या होडीची मासळी निवडून दिली की कालवणापुरती उचलायची रीतच आहे, त्यात विचारायचं काय? कंपनी म्हणजे बंदर नव्हे, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

नवे मॅनेजर हितेशसाहेब येऊन दोन-तीन महिने झाले असतील, त्यांनी एक दिवस गेटवर पिशवी उघडायला लावली, चोरी म्हणाले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. लेखी काही नाही, तिचं म्हणणंही ऐकलं नाही. नवऱ्याची होडी कधीच विकलेली, घर हिच्या पगारावर. दुसऱ्या दिवशी तिची जागा मला मिळाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बोटं गरम राहायला लागली.

पण बाई हटली नाही. रोज कामाच्या वेळेला येऊन गेटवर बसायची, स्वतःहून काम सोडलं असं उद्या कोणी म्हणायला नको म्हणून. युनियनवाल्यांनीही साहेबांना सुनावलं, की चोरीचा आरोप असला तरी आधी आरोपपत्र द्या, तिचं उत्तर घ्या, साक्षीदार ऐका, मग काय ते ठरवा. शेवटी कंपनीने बाहेरचा वकील चौकशीला बसवला. साहेबांचं म्हणणं एकच, तिने कोळंबी लपवून नेली. लपवली असं ठरलं की नोकरी गेली.

आणि हिने साक्षीला नाव कोणाचं द्यावं? माझं. मी तणतणत गेटवर गेले. एवढ्या मैत्रिणी असताना मीच का, म्हणून विचारलं.

"त्या मैतरनी हायत. त्यांचा कोन आयकील?" ती म्हणाली. "आनि तुजे डोले दिसभर माज्या हातावर. माजा हात कुटं गेला, तुज्याबिगर कोनाला म्हाईत?"

माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे हिला सगळं कळत होतं.

लक्ष नव्हतं एवढं म्हटलं असतं तरी जागा माझीच राहिली असती. तेच म्हणायचं ठरवून मी चौकशीला गेले. पण हितेशसाहेब माझ्यासमोर सांगायला लागले, ती गुपचूप पिशवी भरायची, आपल्याला कधी दिसलीच नाही. मी इतके दिवस डोळे फाडून जे पाहिलं, ते हा माणूस मलाच उलटं सांगत होता. मला राहवलं नाही. ती मूठ वर करून साहेबांना दाखवायची आणि साहेब मान हलवून ‘हो’ म्हणायचे, हे मी सांगून टाकलं. वकिलांनी विचारलं, स्वतःचं काम सोडून तुम्हाला एवढं कसं दिसतं?

"मला तिचा हेवा वाटतो," मी म्हणाले. "म्हणून रोज बघते."

टाईप करणारी मुलगी थांबली. वकिलांनी तिला तेही लिहायला सांगितलं.

कृष्णाबाई कामावर परत आली. कोळंबी नेणं मात्र सगळ्यांचंच बंद झालं. मी पुन्हा पंख्याखाली. पहिल्याच दिवशी स्वतःच्या जागेवर जाता जाता ती माझ्याजवळ थांबली. आभार वगैरे काही नाही. माझ्या टोपलीतली एक कोळंबी उचलून तिने माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि अगदी सावकाश सोलायला घेतली.

"आता नीट बग," ती म्हणाली.