भिवाची डोंगरशर्यत

रत्नागिरीच्या मांडवीत भिवाला वेडा म्हणायला कुणी लाजत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी चूकही नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बाकीचे खलाशी तेव्हा जाळी दुरुस्त करतात, पत्ते कुटतात, दुपारी ताणून देतात. हा एकोणपन्नास वर्षांचा बाप्या मात्र अर्धी चड्डी चढवून भगवतीच्या किल्ल्याचा चढ धावत चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रोज दहा वेळा. हंगामात बोटीवर धावायला जागा नाही, म्हणून मासळीच्या खणाच्या झाकणावर पाय टाकून चढ-उतर करत बसायचा. सुकाणूवरचा तांडेल ओरडायचा, "भिवा, बोट बुडवशील रे!"

हा सगळा खटाटोप एका शर्यतीसाठी. खेडच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात जुलैच्या शेवटच्या रविवारी ती भरते. बावीस किलोमीटर डोंगर, पाच तास. वेळेत खाली आला त्याला पदक, बाकीच्यांना चहा. भिवानं तीनदा चहाच प्यायला होता. पहिल्या वर्षी पोटऱ्यांत गोळे आले, दुसऱ्या वर्षी नऊ मिनिटं उशीर झाला, तिसऱ्या वर्षी गुडघा सुजून टम्म झाला. तीस वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर दुसऱ्याची जाळी ओढलेल्या माणसाला आपली म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि नेमकी तीच हाताला लागत नव्हती.

यंदा डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडापुढे धरून सांगितलं, हाडावर हाड घासतंय. ह्यापुढं धावलात तर बोटीवर उभं राहणंही विसरा. भिवा घरी येऊन बायकोला म्हणाला, "गो, ही शेवटची खेप. नाय जमलं तर बूट मीच टाकून देतो." गुणवंती मासळीबाजारात बसणारी, तोंडाची तिखट. ह्या नादापायी तिनं त्याला आजवर कितीदा फैलावर घेतलं होतं. त्या दिवशी ती नुसती म्हणाली, "ह्या वक्ताला मी पण येतंय." आणि खरंच आली.

शर्यतीचे सर्वेसर्वा आत्मारामदादा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची पद्धतही कंडक्टरचीच. वाटेवर चार ठाणी, आणि प्रत्येक ठाण्यावरचा माणूस तिकिटाच्या जुन्या चिमट्यानं तुमच्या छातीवरच्या नंबराच्या एका कोपऱ्याला भोक पाडणार. चार भोकं नसतील तर तुम्ही धावलाच नाहीत.

तीन भोकं भिवानं घड्याळाच्या पुढं राहून मिळवली. गुडघ्यात कुणी सुरी फिरवतंय असं वाटत होतं, पण तो थांबला नाही. चौथं ठाणं वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाण्याच्या टाक्यापाशी होतं. सड्यावर पोचला आणि धुकं असं दाटलं, की वाट दाखवणारी पुढची रिबीन दिसेना. तिथं शर्यतीतलीच उर्वी उभी होती. रत्नागिरीत बँकेत नोकरी करणारी ही मुलगी किल्ल्याच्या चढावर त्याला रविवारी भेटायची. ती म्हणाली, "काका, थोडं थांबूया. रिबीन दिसल्याशिवाय पुढे नको."

थांबायला भिवाकडं वेळ कुठं होता? टाकं उत्तरेला, हे त्याला ठाऊक होतं. पावसाळी वारा पश्चिमेचा. तो डाव्या गालावर घेतला की तोंड उत्तरेला. ऐन काळोख्या पावसात ह्याच हिशेबानं त्यानं कितीदा बंदर गाठलं होतं. "तू थांब गो. मला वारा कळतो," असं म्हणून तो निघाला. पण समुद्रात कडे नसतात. डोंगरात वारा कड्यावर आपटतो, वळतो, भलतीकडूनच येतो. भिवा गाल सांभाळत राहिला आणि वाऱ्याबरोबर स्वतःही वळत गेला.

उतार लागला तेव्हा त्याला वाटलं, टाकं खोलगटात असेल. मग झाडी आली, गुरांची वाट आली, आणि धुकं फाटलं तर पायथ्याशी शर्यतीचा मांडव! टाकं मागं वरच राहिलं होतं. चार तास वीस मिनिटं झाली होती. परत वर जायचं तर दीड तास हवा. भिवा मटकन खाली बसला आणि त्यानं वाऱ्याला, गुडघ्याला, स्वतःला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. शेजारीच करवंदीची जाळी होती. त्यानं एक काटा मोडला, नंबराच्या चौथ्या कोपऱ्यावर टेकवला. काटा फेकून दिला, पुन्हा शोधला, पुन्हा फेकला. शेवटी काहीच न ठरवता तो लंगडत खाली निघाला.

मांडवात पाच तासांना दहा मिनिटं कमी असताना लोकांनी त्याला पाहिलं, आणि एकच गलका झाला. चार वर्षांचा ओळखीचा माणूस! आत्मारामदादांनी आनंदाच्या भरात नंबर न बघताच पदक गळ्यात घातलं. गुणवंतीनं चारचौघांत कधी नवऱ्याचा हात धरला नव्हता, तिनं त्याला मिठी मारली. त्याच्या गळ्यातलं पदक मुठीत धरून ती जवळ येईल त्याला सांगायला लागली, "ह्यो माझा घोव! मांडवीचा!" लग्नानंतर ती एवढी खूश त्यानं पाहिलीच नव्हती.

पाच तास झाले, शिट्टी वाजली. त्यानंतर सहा मिनिटांनी उर्वी आली, चिखलानं माखलेली, घसा बसलेला. छातीवर चार भोकं होती. चहा नाही, पाणी नाही, ती थेट आत्मारामदादांकडं गेली. "दादा, वर एक काका हरवलेत. मी टाक्यापाशी थांबले, हाका मारल्या, ओ येईना. कुणाला तरी पाठवा लवकर."

भिवा उठला. "मी हितं हाय," तो म्हणाला. "दादा, माझ्या नंबराला तीनच भोकं हायत. बघा."

भिवानं पदकाची फीत डोक्यावरून काढायला घेतली, पण गुणवंतीची मूठ अजून पदकावर होती. "कशाला बोललात?" ती कुजबुजली. "अवो, कशाला बोललात?"

"सोड गो," भिवा म्हणाला, आणि तिची बोटं एकेक करून उघडायला लागला.