थोरलीचे कोरडे डोळे

मिरच्यांची धुरी थोरलीच्या तोंडाशी धरली तेव्हा तिचे हात मी मागून आवळून धरले होते. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. मी पंधरा वर्षांची, घरातली धाकटी सून. तिच्या नवऱ्याचा दहावा होता. आरे गावाच्या पुढं समुद्रात त्याचं गलबत बुडालं, प्रेत मिळालं नाही, म्हणून दर्भाचं करून जाळलं. आणि किनाऱ्यावरून निरोप आला, "कावळा पिंडाला शिवत नाय."

सासूबाई म्हणाल्या, "शिवंल कसा? बायको एकदा रडली नाय. रड गो, त्याला मोकळा कर."

"येत नाय, आये. मी काय करू?"

"गेल्या साली सुकट वाळवताना धारा लागत होत्या. वाऱ्याला येतं नि नवऱ्याला येत नाय?"

मला ते पटलं. धारा मीही बघितल्या होत्या. थोरली खोकली, ओकली, डोळे लाल झाले, थेंब आला नाही. तेवढ्यात दुसरा निरोप आला, कावळा शिवला. सासूबाई म्हणाल्या, "बघ." काय बघायचं ते मला कळलं नाही. अजून कळत नाही.

पाण्याशिवाय भाकरी थोरलीच्या घशाखाली उतरत नसे. जेवताना तांब्या मांडीशी लागे. मी हसले की म्हणे, "तू घास चाव, मी भिजवते." बोलतानाही जीभ टाळूला चिकटे, म्हणून ती थोडंच बोले. लोक म्हणत, शिष्ट आहे.

महिन्याभरानं तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. मी तिला रत्नागिरीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "तोंडही कोरडं पडतं का?" ती हो म्हणाली.

"हिच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नाही. आधी आधी वारा बोचून येतं, मग तेही आटतं. धुरी कुणी दिली?"

"सासूनं. हात मी धरले होते," मी म्हटलं.

थोरली म्हणाली, "धरले नसते तर मी चुलीत पडले असते."

परत येताना बैलगाडीत मी विचारलं, "पण वैनी, आतून रडू आलं होतं का?"

ती म्हणाली, "आलं होतं की नाय, मलाच कळलं नाय. तू धरलेले हात दुखत होते, तेवढं आठवतं."

डॉक्टरांनी दिलेलं औषध मी रोज घालायचे. थेंब गालावर ओघळले की शेजारणी म्हणत, "आता आठवण येते हो हिला." मी बाटलीला बूच लावायचे.

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, आणि रडलं कोणीच नव्हतं. थोरली त्यानंतर चाळीस वर्षं जगली, एका डोळ्यानं. थेंब शेवटपर्यंत मीच घातले.