कूपनवरचा मसाला डोसा

वॉटर पार्कला जायचं ठरलं की लोक आधी घसरगुंड्यांचे व्हिडिओ बघतात. आमच्या घरात आधी जेवण ठरतं. नाश्ता कुठे करायचा, दुपारी कोण काय घेणार, निघताना भजी की कणीस, हेच पंधरा दिवस चालू असतं. माझा नवरा ठाण्याचा, शांत घरात वाढलेला. लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "खायलाच जायचंय तर घोडबंदरला हॉटेलं काय कमी आहेत?" तेव्हा त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितेय.

आम्ही कल्याण पूर्वेला एका चाळीत राहायचो. आई, पप्पा, मी आणि धाकटा भाऊ. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. ते पीत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण मारणारा बाप म्हटला की ऐकणारा लगेच बाटली शोधतो. पप्पा पूर्ण शुद्धीत मारायचे, आणि बहुतेक वेळा जेवतानाच. भाकरी गार झाली की मार. भाजीत पाणी जास्त झालं की मार. एकदा भातात खडा लागला. त्यांनी ताट भिंतीवर फेकलं, उठले, आणि आईच्या तोंडावर बुक्की घातली. तिचा बाजूचा एक दात पडला. चूळ भरून तिने तो मोरीत थुंकला आणि पप्पांना दुसरं ताट वाढलं.

ताट आदळलं की मी भावाला घेऊन पलंगाखाली जायचे. तिथून फक्त आईचे पाय दिसायचे. टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या की कळायचं, केस धरलेत. भाऊ कानात बोटं घालायचा. मी नाही घालायचे. आवाज थांबला तर तेही कळायला हवं, असं वाटायचं.

त्यामुळे आम्ही दोघं भराभर गिळायला शिकलो. पप्पा यायच्या आत जेवून घ्यायचं. आई तर बसून जेवायचीच नाही. उरलेलं ओट्याशी उभ्याने खायची, आणि सगळं लक्ष दाराकडे.

दर मे महिन्यात कारखान्याची पिकनिक असायची. कुटुंबासकट, बसने, शहराबाहेरच्या एका मोठ्या पार्कला. आत बाहेरचं खाणं नेता यायचं नाही. माणशी एक कूपन मिळायचं आणि त्यावर हवं ते एक ताट घेता यायचं. छोले भटुरे, बिर्याणी, नूडल्स, डोसा, जे आवडेल ते. शेजारी साहेब असायचे, साहेबांच्या बायका असायच्या, म्हणून पप्पा तिथे हात उचलत नसत. उलट हसायचे, भावाला खांद्यावर घेऊन पाण्यात उड्या मारायचे. वर्षभरात मार बसणार नाही अशी खात्री असलेलं ते एकच जेवण. म्हणून होळी झाली की आम्ही ते चघळायला लागायचो. राइड्सचं काय, एका मिनिटात संपतात. जेवण मात्र आधीपासून पुरवून पुरवून खाता यायचं.

पप्पा कामावर गेले की आई कपडे धुता धुता विचारायची, "यंदा तू काय घेणार?"

"नूडल्स. आणि तू?"

"छोले भटुरे म्हणत होते. पण मसाला डोसाच घेईन. घरी करते तेव्हा शेवटचा माझा, तोपण फाटका. मला एकदा अख्खा, आयता, गरम डोसा खायचाय. बसून."

दुसऱ्या दिवशी परत भटुऱ्यावर यायची. मग परत डोसा. तिला काय हवंय हे एरवी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ठरवायला तिला वेळ लागायचा.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या वर्षीची गोष्ट. दुपारी पप्पा मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत होते. जाताना आईला सांगून गेले, "माझी चिकन बिर्याणी घेऊन ठेव." आई काउंटरवर गेली तेव्हा बिर्याणी संपलेली. तिने त्यांच्या कूपनवर पुलाव घेतला, स्वतःच्या कूपनवर डोसा. मी भावाला घेऊन टेबल धरून बसलेले. माझं ताट अजून घ्यायचं होतं. आई बसली. डोसा ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कडा लालसर. तिने पहिला तुकडा मोडला, तेवढ्यात पप्पा आले, ओल्या अंगाने.

"हे काय आहे?"

"बिर्याणी संपली. पुलाव आणलाय."

"माझं संपलं आणि तुझं बरोबर मिळालं?"

ते हळूच बोलले. मग त्यांनी तिच्या अंबाड्याला धरलं आणि तोंड खाली ताटात दाबलं. एकदा नाही. परत वर ओढून परत आपटलं. सांबाराची वाटी उलटून माझ्या मनगटावर सांडली, चटका बसला. आजूबाजूची टेबलं गप्प झाली. कारखान्यातलेच लोक होते. कुणी उठलं नाही.

आईने मान वर केली. पापणीवर चटणी होती, स्टीलच्या ताटाच्या कडेने ओठ फाटलेला. तिने पप्पांकडे नाही, ताटाकडे बघितलं. मग ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या तोंडावर मारलं. ते मागे सरकले तशी तीही सरकली आणि परत मारलं, या वेळी कडेने. भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेलं तसे ते आंधळ्यासारखे हात फिरवायला लागले, आणि ती मारत राहिली. फक्त ताटाचा आवाज. भाऊ रडत होता. मला रडू आलं नाही. मला बरं वाटत होतं.

दोन गार्ड धावत आले. एकाने पप्पांना टाके घालायला दवाखान्यात नेलं. दुसरी बाई होती. ती आईला म्हणाली, "ताई, ऑफिसमध्ये चला."

"येते," आई म्हणाली. "माझं जेवण राहिलंय."

मी माझं कूपन काउंटरवर दिलं आणि डोसा आणला. गार्डबाई पाठीमागे उभी राहिली, आई खाली बसली. प्रत्येक घासाला ओठातलं रक्त बटाट्याच्या भाजीला लागत होतं. तिने अख्खा डोसा संपवला, पाणी प्यायली, मग उठली.

ऑफिसमध्ये पप्पांचे सुपरवायझर म्हणाले, "वहिनी, घरचं घरी बघा." संध्याकाळी बस कल्याणला पोचली तेव्हा आई चाळीकडे वळलीच नाही. आम्हाला घेऊन लोकलने थेट दिवा स्टेशनला गेली, मावशीच्या खोलीवर.

आठवडाभराने पप्पा तिथे आले. त्या दिवशी टँकर आलेला आणि आई रांगेत होती. त्यांनी मागून तिचा हात पिरगाळला, इतका की हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. पण ती दिव्यातली रांग होती. पाण्यासाठी सकाळपासून ताटकळलेल्या बाया. आधी मावशीने हंडा घातला, मग शेजारणीने, मग सगळ्यांनीच. पप्पा गटाराच्या कडेला पडले आणि हंडे वरून पडत राहिले. आईनेच शेवटी सांगितलं, "बस झालं." मग मोडका हात पोटाशी धरून ती पोलीस चौकीत गेली आणि तक्रार लिहून आली. पप्पा परत आले नाहीत. नंतर नोकरी सोडून गावी गेले. भाऊ अधूनमधून फोन करतो. मी करत नाही.

आईने डोंबिवलीला एका पोळीभाजी केंद्रात काम धरलं. आम्हाला शिकवलं. हात वाकडा जुळला, त्यामुळे लाटणं ती जरा तिरकं धरते. पोळी मात्र गोल होते.

या मे महिन्यात परत पार्क ठरलं. आई पोळ्या लाटत होती, माझी मुलगी शेजारी बसून पिझ्झा की पावभाजी यावर डोकं खात होती. मध्येच तिने विचारलं, "आजी, तुझा हात असा का गं?"

मी विषय बदलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मोडला."

"मग तू काय केलंस?"

"मी त्यांना आधीच मारलेलं. ताटाने." तिने पोळी तव्यावर टाकली. "पावभाजी घे. पिझ्झा गार देतात."