चौथ्या उद्गारासमोर दादाचं नाव

दादा उद्या पहाटेच्या उपासनेला येणार आहे. वहिनींनी आज सकाळी फोनवर तसं सांगितलं, आणि दहा मिनिटांनी खुद्द दादानेही. दोन्हीकडून कन्फर्म झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. मी जळगावला पेपरच्या डेस्कवर काम करतो, घर आणि चर्च मात्र धुळ्याला. दादा माझा थोरला भाऊ, गणिताचा रिटायर्ड मास्तर. तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा सुहास डेंग्यूने चार दिवसांत गेला. एकवीस वर्षांचा होता.

दफनविधी झाला त्या दिवसानंतर दादा ना चर्चमध्ये आला, ना कबरस्थानात. वहिनी दर रविवारी एकट्या येतात. बाकावर शेजारी पर्स ठेवतात, कोणाची तरी जागा धरल्यासारखी...

आमच्याकडे गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. कोणी कशावर बोलायचं ती यादी मी करतो.

यंदा चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी पहिलं पान लावत होतो. यादी तासाभरात हवी होती, उपासनेची पत्रिका छापायला जायची होती. मी जुनी फाइल उघडली, वर्ष बदललं, गाव सोडून गेलेल्या दोघांची नावं बदलली आणि पाठवून दिली.

घाईत उघडलेली फाइल चार वर्षांपूर्वीची होती, दादा चर्चमध्ये येत होता तेव्हाची. चौथ्या उद्गारासमोर दादाचं नाव तसंच राहिलं.

चौथा उद्गार सातांतला सगळ्यात जड. देवा, तू मला का सोडून दिलंस, असं विचारणारा... सगळं सोडून नेमका तोच.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "भाऊजी, हे काय करून ठेवलंत? यांनी ग्रुपवर पाहिलं." चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर अंगठे आणि जोडलेले हात पडायला लागले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलेला माणूस मी... आणि स्वतःचीच चूक सुटली.

दादाला फोन लावला. चूक माझी आहे, नाव काढतो, म्हणालो.

"छापून झालं ना?"

"झालं, पण..."

"मग राहू दे. येईन मी." फोन ठेवला.

त्या 'येईन'ने माझी झोप उडवली. भर चर्चमध्ये तो देवाला बोल लावेल, की कोसळेल? एकदा असं काही झालं की तो पुन्हा कधीच यायचा नाही, आणि वहिनींच्या शेजारी ती पर्सच राहील. माझ्या हातून दार कायमचं बंद होणार, असंच वाटत होतं.

काल दादा आला. पांढरा शर्ट, इस्त्री कडक. वहिनींनी पर्स मांडीवर घेतली.

तिसरा उद्गार झाला, गीत झालं, दादा पुल्पिटपाशी, प्रवचनाच्या चौथऱ्यापाशी, गेला. हातात कागद नव्हता. "माझं नाव चुकून लागलंय," तो म्हणाला. "माझ्या भावाला घाई असते." कोणीतरी हसलं, मी मान खाली घातली.

मग म्हणाला, "ह्याच्यावर मला बोलता येणार नाही. तीन वर्षं मी हाच प्रश्न विचारतोय. मला वाटायचं, असं विचारणाऱ्याने देवाच्या घरात येऊ नये. परवा पत्रिका वाचली तेव्हा लक्षात आलं, वधस्तंभावर येशूने स्वतःच हा विचारलाय. उत्तर मला अजून माहीत नाही... एवढंच." आणि खाली येऊन बसला.

प्रत्येकाला वीस मिनिटं असतात. दादाची तीनही झाली नव्हती. पानावर जागा कोरी सुटली की आम्हा डेस्कवाल्यांना ती भरल्याशिवाय राहवत नाही. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, काहीतरी गीत सुरू करा म्हणून. ते हलले नाहीत. उरलेला सगळा वेळ तसाच जाऊ दिला. फक्त कूलरचा आवाज. मला वाटतं, इतकी वर्षं त्या उद्गारावर ऐकलेलं ते सर्वांत चांगलं प्रवचन...

आम्ही दर वर्षी तो प्रश्न समजावून सांगत आलो. देवाच्या वतीने खुलासा द्यायची आम्हाला फार घाई. पण त्या दुपारी वधस्तंभावरच्यालाही उत्तर मिळालं नव्हतं. पुनरुत्थानाचा रविवार उजाडायच्या आधी मध्ये एक अख्खा शनिवार गेला, काहीच न घडलेला.

तीन वाजता बाहेर सरबत होतं. साक्रीकडचे म्हातारे नाना काठी टेकत दादाकडे आले. त्यांची मुलगी तरुणपणीच वारली होती, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. "बठ्ठासना मनमा हाऊच प्रश्न शे, भाऊ," ते अहिराणीत म्हणाले, सगळ्यांच्याच मनात हाच प्रश्न आहे, तू बोलून टाकलास. "तू बोली टाकं." दादाने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मीच मग दोघांचे ग्लास धरून उभा राहिलो.

उद्या ईस्टर. पहाटेची उपासना आमच्याकडे कबरस्थानातच होते, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावून. आज सकाळी दादाने विचारलं, "गेट किती वाजता उघडतं?" सव्वापाच, म्हणालो. "आणि ऐक. उद्याच्या यादीत माझं नाव टाकू नकोस. मी सुहासजवळ नुसता उभा राहीन."

मी यादी तीनदा तपासली आहे. नाव नाही.

फुलं वहिनी आणणार आहेत, मेणबत्त्या माझ्याकडे. सव्वापाचला गेट उघडेल... देवाचे आभार, आणि माझ्या चुकीचेही.