लहानूची जागा

गोंदियाच्या स्टेशनमागच्या सायबर कॅफेत मी नोकरीचे अर्ज भरायला जायचो, तेव्हा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक माणूस रोज दिसायचा. जवळच्याच गोरेगावच्या एसटीनं यायचा, दाराशी चप्पल काढायचा आणि बाकीची पोरं गाड्या पळवत असताना एक जुनाट, संथ लढाईचा गेम उघडून बसायचा. आपले सहा गडी, पाळीपाळीनं चाल, आणि मेलेला गडी परत उठत नाही. प्रत्येक चालीआधी तो माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा आणि बघत राहायचा. एवढं करून बहुतेकदा हरायचाच.

एका गड्याला त्यानं लहानू नाव दिलं होतं. त्याला तो सगळ्यांच्या मागं, सांभाळून ठेवायचा. एका दुपारी त्याची चाल चुकली आणि लहानू मेला.

“भाऊ, जुना सेव्ह असेल ना? तिथून सुरू करा,” मी म्हणालो.

“कायले?” त्यानं मान वळवली नाही. “इथं काऊन मेला ते मले समजते. मी त्याले पुलावर उभा केला, म्हणून मेला. माहा भाऊ लहानू दवाखान्यात काऊन मेला, ते कोणीच सांगत नाई. विचाराले गेलो तं म्हणतात, घरी जा.”

नंतरही तो येत राहिला. नवा डाव मांडताना लहानूच्या जागी नवा गडी घेता येत होता. त्यानं घेतला नाही. पाच जणांवरच लढायचा आणि त्याच पुलावर हरायचा. हरला की खुर्ची मागं सरकवायचा आणि पडद्याकडं बघत हळूच म्हणायचा, “हां. समजलं.”