तेराव्या भागातली हाक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळण्यात माझी हयात गेली... आवाजाला कारण असतंच, हे पोरांना सांगत आलो. तरी लिहितोय, कारण ‘सातवी विहीर’चा तेरावा भाग माझ्याकडे आहे का, असं विचारणारे चार-पाच वेडे या ग्रुपवर आहेत.

मीही त्यातलाच. बायको म्हणते, घरात माणसांपेक्षा कॅसेटी जास्त. मालिका रविवारी सकाळी लागायची. तिचं चित्रण आता कुठेच सापडत नाही. माझ्याकडे आहे तो फक्त आवाज — मुखेडच्या घरी आबा, म्हणजे माझे वडील, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून टिपायचे तो.

आमच्या अँटेनाचा पाइप वाऱ्याने फिरायचा. म्हणून माझी थोरली बहीण, अक्का, माळवदावर चढून तो धरून उभी राहायची. छताच्या झरोक्यातून विचारायची, “आलं का रं, बाळ्या?” चित्र स्थिर झालं की मी ओरडायचो, “आलं!” मग आबा बटण दाबायचे आणि सगळे चिडीचूप. त्यामुळे अकरा कॅसेटींत अक्काचा आवाज कुठेच नाही. तिने एकही भाग पाहिला नाही. उन्हातून खाली आली की गोष्ट मी सांगायचो, तीही घाईघाईत. याची मला आजही लाज वाटते.

अकराव्या भागानंतरच्या मंगळवारी ती तापाने गेली. बारावा भाग आम्ही लावलाच नाही. तेरावा आला तो नेमका तिच्या तेराव्याच्या दिवशी. आबांनी टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या... वर पाइप धरायला कोणी नव्हतं. तरी त्यांनी बटण दाबलं. ती कॅसेट पुन्हा कोणी ऐकली नाही.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, हेडफोन लावून मी ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. खरखर, खरखर... आणि मग स्पष्ट —

“आलं का रं, बाळ्या?”

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसरी हाक आली आणि बायकोने खांदा हलवला. ती देगलूरची, अक्काला तिने कधी पाहिलंही नव्हतं. मी हेडफोन काढले.

“अवो, गच्चीवर कोण हाय? आलं का, आलं का करून राहिलंय कवाचं!”

हेडफोनमधला आवाज तिला ऐकू यायचं काही कारणच नव्हतं. मला रडू फुटलं. छताकडे बघून मी ओरडलो, “आलं, अक्का! एकदम साफ आलं! उतर आता खाली, बस हितं.”

हेडफोन परत लावले. खरखर थांबली होती. शेवटपर्यंत संवाद लख्ख ऐकू आले.

संध्याकाळी फाइल ऐकली, मग कॅसेट पुन्हा लावली. संवाद आहेत, पण हाक कुठेच नाही. लॅबमधली उपकरणं लावून पाहिली, डोकं चालवून पाहिलं. कारण आजवर सापडलेलं नाही.

तर हो, तेरावा भाग माझ्याकडे आहे. पाठवतो. जन्मभर जुने आवाज जपत आलो आणि अक्काचा होता नव्हता तेवढा आवाज माझ्याच उत्तराने गेला. गप्प बसलो असतो तर तो राहिला असता... पण मग तीही वरच राहिली असती, पाइप धरून.