मीनाक्षीचं नाक

मीनाक्षी चांदोरकर दिल्लीच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होती. रोज सकाळी नदीचं पाणी कोमट करून ती हुंगायची आणि वास असेल त्या मानाने सक्रिय कोळशाची पूड टाकायला सांगायची. तो कोळसा पाण्यातली घाण धरून ठेवतो. सर्दी झाल्यापासून तीन दिवस तिने रजिस्टरात 'वास नाही' लिहिलं होतं आणि कोळसा बंद होता.

चौथ्या सकाळी नवरा, बळवंत, म्हणाला, "अगं, दूध करपलं. शेजारी उभी राहून कळलं नाही तुला?"

चहा तसाच सोडून ती निघाली. बसमध्ये तिला बसवेना. केंद्रावर पोचताच तिने फिनाइलची बाटली नाकाशी धरली. काही नाही. मग पाण्याचा फ्लास्क पंपवाल्या त्यागींपुढे केला. "सूंघिए."

"मॅडम, तीन दिन से दवाई जैसी बू है. सोचा, आपने देखा है तो ठीक ही होगा."

"सोचा मत कीजिए, बोला कीजिए. कोयला चालू कराइए, पूरा."

तिन्ही नोंदींवर तिने लाल शाईने लिहिलं, 'चूक. मला वास येत नाही.' साहेब दहाला येत. तेवढा धीर कुठला? रजिस्टर काखेत मारून ती त्यांच्या क्वार्टरकडे निघाली.